बागेत रेंज नाही

जानेवारी अर्धा सरला की आमच्या संत्र्याच्या बागा बघवत नाहीत. मोहगावहून सौंसरकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं उभी असतात, पण पानं मिटलेली, कडा आत वळलेल्या, हिरव्या रंगातली ओल गेलेली. नवखा माणूस म्हणेल, बाग गेली. ती गेलेली नसते. आम्हीच तिचं पाणी तोडलेलं असतं. विहिरीत पाणी असतं, मोटारीला वीज असते, तरी महिना-दीड महिना झाडाला थेंब द्यायचा नाही. याला ताण देणं म्हणतात. झाड तहानेनं कासावीस झालं की पहिलं हलकं पाणी सोडायचं, आणि मग फेब्रुवारीत सगळी बाग फुलांनी पांढरी होते. हा आंबिया बहार, आणि त्याचं फळही आंबियाच. किती ताणायचं हे पानाकडे बघून कळावं लागतं. कमी ताणलं तर फूल कमी. जास्त ताणलं तर काड्या आतून वाळतात. त्यांना आम्ही सल म्हणतो, आणि त्या कापून जाळाव्या लागतात.

मला ते कळतं, असं सगळे म्हणतात. सौंसरच्या शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवला, सकाळ-संध्याकाळ बाग पाहिली, आणि दोन्हीकडे माझी ओळख एकच : सर चांगले आहेत, बोलत नाहीत.

या वर्षी ताण सुरू झाला आणि पांढुर्ण्याहून माझे साडू वामनराव आले. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कापसाचा व्यापार, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. आल्या आल्या खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "सर, आम्ही जाऊन राहिलो चारूकडं. पोरानं तिकिटं काढली. आपल्या अख्ख्या गोतावळ्यात तुम्ही एकटेच पाण्याखाली जाऊन आले. मले सगळं एका कागदावर लिहून द्या. काय न्यायचं, काय नाही, तिथं इज्जत कशी राखायची."

"इज्जत?"

"मंग? अर्ध्या चड्डीवर फिरा लागते म्हणते पोरगा."

सुनंदा, माझी बायको, स्वयंपाकघरातून हसली. "भाऊजी, ह्यांना काय विचारता? सात दिवस राहून आले अन् मला काय सांगितलं, तर पाणी निळं आहे."

चारू आमची एकुलती एक मुलगी. कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर, पाण्याखाली पोहायला शिकवणाऱ्या रिसॉर्टमध्ये ती शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं आम्हा दोघांना बोलावलं होतं. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून सुनंदाला निघता आलं नाही आणि मी एकटा गेलो. या वर्षी ती निघाली होती, बहिणीसोबत. "आणि तुम्ही?" वामनरावांनी विचारलं. मी म्हणालो, बाग ताणावर आहे. आमच्याकडे या उत्तरापुढे कोणी प्रश्न विचारत नाही.

तर मी कागद घेऊन बागेत बसलो. पंधरा-वीस ओळींचं काम. आठ दिवस झाले तरी होईना. मला माझाच राग येऊन राहिला होता. सामानाबद्दल लिहायला घेतलं. कपडे कमी न्या, दिवसभर ओल्यातच जातो. पोहायचे दोन जोड ठेवा, एक वाळत असतो. औषधाची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. फळं नेऊ नका. इथं पेन थांबला. मी बारा संत्री नेली होती, आमच्याच बागेची, चारूसाठी, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून. बेटावरच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं ती एकेक काढून पिंपात टाकली. बाहेरचं फळ चालत नाही. कायदा बरोबर आहे, कीड येते, मी स्वतः हे शिकवतो. पण शेवटचं संत्रं टाकायच्या आधी मी त्याच्यासमोर उभ्या उभ्या ते सोललं आणि खाल्लं. आयुष्यात कधी मी असा हट्ट केला नव्हता. बाहेर चारू उभी होती. उन्हानं काळवंडलेली, केस आखूड, खांदे माझ्या बापासारखे रुंद. तिनं वाकून नमस्कार केला आणि मग माझे दोन्ही हात उचलून नाकाशी धरले. बराच वेळ. "आंबिया," ती म्हणाली. मी म्हणालो, विमान वेळेवर होतं.

हे वामनरावांना कसं लिहायचं? फळं नेऊ नका, एवढंच लिहिलं.

मास्कच्या काचेवर आतून थुंकायचं असतं, म्हणजे वाफ धरत नाही. सगळे थुंकतात, इज्जतदार माणसंही. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दर हातभर खोलीला. दुखायला लागल्यावर फुंकून फायदा नाही. अंगठा वर करू नये. आपल्याकडे अंगठा म्हणजे मस्त, झकास. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ मला वर न्या असा आहे. मी एका माशाकडे बघून खुशीनं अंगठा दाखवला आणि चारूनं मला दंडाला धरून हळूहळू पृष्ठभागावर आणलं. "काय झालं बाबा? काय होतंय?" काही नाही, मासा छान होता. ती हसून हसून पाण्यात उलटी झाली. मी तिला असं हसताना पाहिलं त्याला किती वर्षं झाली होती, ते मोजायचं धाडस झालं नाही.

आणि श्वास. श्वास कधीच धरून ठेवायचा नाही, हा पहिला नियम. बारीक का होईना, आत-बाहेर चालू ठेवायचा. धरून ठेवून वर आलात तर छातीतली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटू शकतं. पहिल्या दिवशी पोहण्याच्या तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, नळी तोंडात घेऊन मी डोकं बुडवलं आणि सवयीनं श्वास धरला. चारूनं मला उभं केलं. "बाबा, धरू नका ना. सोडा." पुन्हा बुडालो, पुन्हा धरला. तिसऱ्यांदा तिनं माझ्या छातीवर तळवा ठेवला, शिकवताना ठेवतात तसा. "नवीन माणसं धरतातच," ती म्हणाली, "पण तुम्ही घरी पण धरता."

बाकी समुद्राचं काय सांगू. तो समुद्र मी वर्षानुवर्षं वर्गातल्या नकाशावर छडीच्या टोकानं दाखवला होता, टोकाएवढी जागा. त्या जागेत उतरलो तर खाली जांभळे पंखे डुलत होते, पिवळे मासे शाळा सुटल्यासारखे निघाले होते, आणि आवाज फक्त माझ्या श्वासाचा. चाळीस मिनिटं कोणी मला बोलायला लावलं नाही. हातांच्या चार खुणा पुरल्या. चारू शेजारी, तिचा हात माझ्या मनगटावर. मला वाटलं, या मुलीला वाढवायला मला अशी जागा मिळाली असती तर मी बरा बाप झालो असतो. वर आलो की पुन्हा हवा, पुन्हा माणसं, पुन्हा बोलणं.

त्या रिसॉर्टमध्ये चारूची एक पद्धत होती. सकाळी बोट निघायच्या आधी ती प्रत्येक पाहुण्यासमोर उभी राहायची आणि विचारायची, मला सांगायचं काही राहिलं आहे का? झोप झाली नाही, रात्री घेतली आहे, सर्दी आहे, भीती वाटते, काहीही. खाली गेल्यावर मला कळण्यापेक्षा आत्ता कळू दे. लोक हसत काहीतरी सांगायचे. माझी पाळी आली की ती मराठीत विचारायची. "बाबा, काही सांगायचं राहिलं?" मी म्हणायचो, नाही.

दुसऱ्याच दिवशी खोटा पडलो. आल्यावर एक फॉर्म भरून घेतात, आजारपणाचा. मी सगळीकडे 'नाही' वर खूण केली होती. तिला माझ्या दाढीच्या सामानात ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचं पान सापडलं. बोटीवरून सगळ्यांसमोर तिनं मला खाली उतरवलं. आवाज चढवला नाही. "हा फॉर्म खोटा आहे बाबा. मी तुमच्या भरवशावर तुम्हाला खाली नेते." डॉक्टरचा कागद येईस्तोवर दोन दिवस मी धक्क्यावर बसून होतो, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. सकाळचा प्रश्न मात्र तिनं तेव्हाही चुकवला नाही. वामनराव, फॉर्म खरा भरा. हे मी कागदावर दोनदा लिहिलं आहे.

धक्क्यावर माझ्याशेजारी बोट चालवणारा आल्विन बसायचा. साठीचा, त्याच बेटावरचा, पांढरी दाढी. पहिल्याच दिवशी माझा हात हातात घेऊन तो इंग्रजीत म्हणाला होता, "म्हणजे तुम्ही ते बाबा, ज्यांच्या शेतात सिग्नल नसतो." चारू तेव्हा दोर गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

आता ते लिहितो. इतकी वर्षं धरून ठेवलेलं आहे, सरळ येणार नाही.

चारूनं नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि बाविसाव्या वर्षी प्रवासी जहाजावर नोकरी धरली. मला पसंत नव्हतं. मी भांडलो नाही, अडवलं नाही. मी बोलणं तोडलं. फोन आला की सुनंदाकडे द्यायचो. सुनंदा रडायची, म्हणायची, एक शब्द बोला ना तिच्याशी. एकदा मी तिला उत्तर दिलं, तेही बागेकडे बघत : "पाणी तोडलं की येते ठिकाणावर." मला ते वाक्य तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. झाडाला सहा आठवडे देतात. मी मुलीला चौदा महिने दिले.

मग तो जानेवारी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुनंदा पांढुर्ण्याला बहिणीकडे गेली होती. संध्याकाळचे पाच वाजलेले, मी बागेत पानं बघत फिरत होतो. बांधावर ठेवलेला फोन वाजला. पडद्यावर चारूचं नाव. ती मला थेट कधी फोन करत नसे. मी बघत राहिलो. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मला वाटलं, आलं झाड ठिकाणावर. अजून थोडं ताणू. हा विचार मी केला, याच शब्दांत केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी फोन बांधावर पालथा ठेवला आणि पुढच्या ओळीत गेलो. सहा वेळा वाजला. पुढच्या ओळीतूनही ऐकू येत होता.

चारू तेव्हा त्या बेटावर, सरकारी दवाखान्यात होती. जहाज सोडून पाण्याखालचं काम शिकायला आलेली, आणि अपेंडिक्स फुटायला आलेलं. ऑपरेशनच्या आधी सही हवी होती, आणि सहीपेक्षा आवाज हवा होता. आईला सांगितलं तर आई कोसळेल म्हणून तिनं बापाला फोन लावला. बाप पानं बघत होता. फॉर्मवर जवळचा माणूस म्हणून तिनं आल्विनचं नाव लिहिलं. त्याला ती दोन महिन्यांपासून ओळखत होती.

चार दिवसांनी तिनं आईला फोन करून सांगितलं. सुनंदानं स्पीकर लावला होता. "अगं पण बाबांना काहून नाही लावला?" चारू उत्तर देईल त्याआधी मी मागून म्हणालो, "मी बागेत होतो. बागेत रेंज नसते." मग चारू म्हणाली, "हो, रेंज नसेल."

त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलायला लागलो. जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच. सुनंदाला वाटलं, मुलीच्या दुखण्यानं बाप वितळला. आणि माझं खोटं घरात रुजलं. सुनंदा आजही बागेत फोन करत नाही, निरोप असला तर गड्याला पाठवते. मला बागेतून कुणाला फोन करायचा असला तर मी बांध ओलांडून रस्त्यावर जातो आणि तिथं उभा राहून बोलतो, गडी बघतात म्हणून. एकदा वामनराव बागेत आले आणि त्यांचा फोन खणखणला. "सर, माझ्या फोनले तर आहे बावा रेंज." मी म्हणालो, तुमची कंपनी वेगळी. माणूस एका वाक्यासाठी किती चालतो, याचा मला वीट आला आहे.

तर मी त्या बेटावर गेलो होतो ते मासे बघायला नाही. सांगायला गेलो होतो. सहा सकाळी तिनं विचारलं, सहा सकाळी मी नाही म्हणालो. शेवटचा दिवस तर नियमानंच मोकळा असतो. पाण्याखाली जाऊन आल्यावर पूर्ण एक दिवस विमानात बसायचं नसतं. वामनराव, तो दिवस हिशेबात धरा. चारूनं सुट्टी घेतली. आम्ही दोघं धक्क्यावर पाय सोडून बसलो, मधे भाजलेला मासा आणि भात. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी संत्र्याच्या डिंक्या रोगाबद्दल बोललो. खोडाला लेप कसा लावायचा, चुना किती, मोरचूद किती. ती ऐकत राहिली. दुपार गेली.

आणि आता सुनंदा जाणार होती. आल्विन तिलाही भेटणार. तो तिलाही सिग्नलचं विचारणार, आणि ती त्याला हसून सांगणार, हो ना, अजूनही नाही. माझं खोटं माझ्या बायकोच्या तोंडून तिथं बोललं जाणार. कागदावरच्या ओळी मी पुन्हा वाचल्या. दुखायच्या आधी. धरून ठेवू नका. फॉर्म खरा भरा. यादी वामनरावांसाठी होती, आणि मला ती वाचवेना.

मी फोन काढला. त्याच बांधावर, संध्याकाळचे पाच. तिकडे सकाळचे साडेसात, बोट भरायची वेळ. व्हिडिओ लावला. चारूचा चेहरा आला, मागे हवेच्या टाक्या रचलेल्या.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

ती माझ्या मागे बघत होती. वळलेली पानं, विहिरीचा कठडा. "तुम्ही बागेत आहात?"

"हो."

मी म्हणालो, "इथं रेंज आहे, चारू. त्या दिवशी पण होती. मी बघत होतो फोनकडे. उचलला नाही."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा फोन ठेवेल. तिनं हातातला मास्क खाली ठेवला. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "रिंग जात होती ना बाबा. रेंज नसली तर रिंग जात नाही. सहाही वेळा गेली."

एवढी साधी गोष्ट. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला ती इतक्या वर्षांत सुचली नाही.

"मग तू त्या दिवशी हो काहून म्हणाली?"

"आई ऐकत होती." मग म्हणाली, "मी सहा दिवस विचारलं तुम्हाला. रोज वाटायचं, आज सांगतील. तुम्ही मला डिंक्या सांगितला."

मी माफी मागितली का? मागितली, पण कशी, ते आठवत नाही. शब्द सरळ आले नाहीत. तिनं ते ऐकलं, आणि ठीक आहे असं काही म्हणाली नाही. मागून आल्विननं हाक मारली. "मला जावं लागेल," ती म्हणाली. "आईला तुम्ही सांगा. ती विमानात बसायच्या आधी. इथं येऊन तिला आल्विनकडून नको कळायला, रिंग त्यानंही ऐकली होती. मी इतकी वर्षं तिच्याशी खोटं बोलली तुमच्यासाठी. आता नाही बोलणार."

घरी सुनंदा पलंगावर बॅग उघडून बसली होती, तिळाच्या वड्या डब्यात भरत होती. मी दारातच सांगितलं. बसलो असतो तर राहून गेलं असतं. ती ऐकत होती आणि वड्या भरत होती. डबा भरला, झाकण लावलं. "किती वेळा वाजला?" तिनं विचारलं. सहा, मी म्हणालो. "अन् मी त्या टॉवरवाल्यांना तीनदा अर्ज केला," ती म्हणाली. "तुम्हीच लिहून दिला होता तो अर्ज." त्यानंतर ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ताट वाढायची, निघून जायची. नागपूरला गाडी निघाली तेव्हा वामनराव खिडकीतून माझी यादी हलवत होते, सुनंदा समोर बघत होती.

त्यांना निघून आज नववा दिवस. ताण अजून आठवडाभर चालला असता. मी परवाच तोडला. पहिलं पाणी सोडलं, हलकं, आळ्यात ओल धरेल इतकंच. शेजारचे शेतकरी म्हणाले, सर, घाई करून राहिले, बहार पातळ येईल. येऊ दे.

सकाळी वामनरावांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, मागे वारा. "सर, अंगठा दाखवला मी, अन् वर काढलं ना मले लगेच. तुमच्या कागदात होतं, विसरलो. अन् ऐका, आज सुनंदा उतरली पाण्यात चारूसंगं. भीत होती लय. चारूनं विचारलं तिले बोटीवर, काही सांगायचं राहिलं काय म्हणून, तं दोघी मायलेकी कितीक वेळ बाजूला जाऊन बोलत बसल्या. बोट थांबून राहिली. काय बोलल्या, मले नाही सांगितलं. अच्छा, ठेवतो."

मी तो निरोप दोनदा ऐकला. आता पाच वाजत आले आहेत. तिकडे बोट भरत असेल. पानं अजून पुरती उघडलेली नाहीत, पण कडा सैल झाल्या आहेत. फोन बांधावर ठेवला आहे, उताणा. रेंज पूर्ण दाखवतो.